स्कीइंग ट्रिप: डेन्व्हरहून ब्रेकनरिजला गाडी भाड्याने घेऊन जावं का?

उन्हाळी_पाखरू

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पाच रात्रींसाठी कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिजला जायचं ठरलंय. आम्ही चार मोठे (मी, बायको, मेहुणी आणि साडू) आणि आमची दोन मुलं, वय ७ आणि ४. विमान शुक्रवारी दुपारी साडेतीनला डेन्व्हरला उतरतं, परतीचं बुधवारी संध्याकाळी. अपार्टमेंट गावातच घेतलंय, गोंडोलापर्यंत (डोंगरावर नेणारा रोपवे) चालत दहा मिनिटं असं मालकाने लिहिलंय, आता त्याची दहा मिनिटं म्हणजे आपली किती ते तिथे गेल्यावर कळेल.

प्रश्न गाडीचा आहे. मी गेली नऊ वर्षं टेक्सासमध्ये गाडी चालवतोय, बर्फ फक्त फ्रीजरमध्ये बघितलाय. साडूंचं म्हणणं मोठी एसयूव्ही घेऊ, फोर व्हील ड्राइव्ह असली की कशाला घाबरायचं. बायकोचं म्हणणं शटल घेऊ, आणि तू चालवणार असशील तर मी मुलांना घेऊन मागून चालत येते. एवढा विश्वास आहे घरात. तर गाडी घ्यावी का, घेतली तर कुठली, आणि काउंटरवर नेमकं काय बघायचं, हे अनुभवी लोकांनी सांगावं. स्कीइंग कसं करतात ते आम्ही तिथे शिकणार आहोत, त्यावर सल्ले नकोत, त्याची भीती वेगळी आहे.

तिरपागडा

साडू म्हणतायत ना, मग साडूंनाच चालवू द्या. तुम्ही मागे बसा आणि 'मी म्हणालो होतो' ची प्रॅक्टिस करा.

मैलाचा_दगड

डेन्व्हरजवळ बारा वर्षं राहतोय, सीझनला दहाबारा वेळा तरी वर जाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. फोर व्हील किंवा ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला *सुटायला* मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारी चाकांवर असतात, बर्फावर थांबणं हे फक्त टायरच्या हातात. मोठी एसयूव्ही तर वजनाला जास्त, म्हणजे थांबायलाही जास्त जागा खाणार. इथे बर्फ पडला की रस्त्याच्या कडेला खड्ड्यात गेलेल्या गाड्या मोजा, त्यात एसयूव्ही भरपूर दिसतील, कारण मालकाला वाटलेलं असतं की आपल्याला काही होत नाही.

तर गाडी बघताना आधी टायर बघा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह असेल तर उत्तम, तो खरा बर्फात तपासलेला टायर. नुसतं एम प्लस एस लिहिलेलं असेल तर ठीकठाक, म्हणजे चिखल आणि बर्फ, पण ते बऱ्याच ऑल सीझन टायरवर असतंच. काहीच नसेल तर ती गाडी घेऊ नका, दुसरी मागा.

आणि हे नुसतं माझं मत नाही, कायदा आहे. आय-७० या तुमच्या वाटेतल्या महामार्गावर डॉटसेरो ते मॉरिसन या डोंगरी पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे ट्रॅक्शन लॉ लागू असतो. गाडी ऑल व्हील असेल तर टायरची खाच किमान ३/१६ इंच पाहिजे. टू व्हील ड्राइव्ह (इंजिनचा जोर दोनच चाकांना) असेल तर तेवढ्याच खाचेचे बर्फाचे किंवा एम प्लस एस टायर हवेत, नाहीतर साखळ्या किंवा तत्सम साधन गाडीत पाहिजे. तुम्ही अडकलात आणि तुमच्यामुळे रस्ता बंद पडला तर दंड ६५० डॉलरच्या वर जातो. दंड गाडी चालवणाऱ्याला, भाड्याने देणाऱ्या कंपनीला नाही. कंपनी गाडी देते, कायद्यात बसणारी देईल अशी खात्री मात्र देत नाही.

खडूस_काकू

मैलाचा दगड यांना १०० मोदक. मी पण इथलीच. दर शनिवारी कुणीतरी पाहुणा गुळगुळीत टायरची भाड्याची गाडी घेऊन आय-७० वरच्या आयझेनहॉवर बोगद्याच्या चढावर आडवा होतो आणि त्याच्या मागे आम्ही दोन दोन तास बसतो. उन्हाळी पाखरू, राग मानू नका, पण तो पाहुणा तुम्ही होऊ नका एवढीच हात जोडून विनंती.

उन्हाळी_पाखरू

काकू, राग कसला, मला तर आत्ताच आडवं झाल्यासारखं वाटतंय. मैलाचा दगड, धन्यवाद. पण ३/१६ इंच मोजायचं कशाने? पट्टी घेऊन काउंटरवर जायचं का?

मैलाचा_दगड

एक सेंटची पेनी न्यायची. ज्या बाजूला लिंकन मेमोरियलची इमारत आहे ती बाजू समोर, नाणं उलटं धरून खाचेत घालायचं, म्हणजे इमारतीचं छप्पर खाली. छप्पर टायरमध्ये बुडालं तर ६/३२ इंच आहे, म्हणजेच तुमचं ३/१६. तीनचार ठिकाणी घालून बघा, एकाच जागी नको. चारही टायर बघा, भाड्याच्या गाड्यांना कधी कधी दोन नवे दोन जुने असतात.

चष्मिस

जुनी पेनी शोधा हां. ती इमारत १९५९ ते २००८ च्या नाण्यांवरच आहे. नंतरच्या पेनीवर २०१० पासून ढाल आलीये. नाहीतर तुम्ही पार्किंगमध्ये ढाल घालून बसाल आणि युद्धाला निघाल्यासारखे दिसाल.

तिरपागडा

म्हणजे आता गाडी भाड्याने घ्यायला आधी नाणेसंग्राहक व्हायचं. छान चाललंय.

कोपरा

मी वेगळं मत मांडतो. तुम्हाला गाडीची गरजच काय? अपार्टमेंट गावात आहे, गोंडोला चालत, गोंडोला फुकट. ब्रेकनरिज गावातल्या बस फुकट. फ्रिस्को, सिल्व्हरथॉर्न, कीस्टोनला जाणारी समिट स्टेज बस तीही फुकट. मग गाडी पाच दिवस पार्किंगमध्ये बर्फाखाली उभी राहणार आणि तुम्ही रोजचं भाडं भरणार, वर रिसॉर्टच्या पार्किंगचे पैसे वेगळे. विमानतळावरून थेट ब्रेकनरिजला शटल जातात, चालवणारे रोज तोच रस्ता करतात. तुमच्या घरातल्या सगळ्यात शहाण्या व्यक्तीने शटल सांगितलंय, ऐका.

गोगलगाय

कोपरा, तुमचं पटतं पण शटलवाले माणशी भाडं लावतात. दोघांना शटल स्वस्त पडतं, सहा जणांना दोन्ही बाजूंचं धरलं तर गाडी बहुतेक स्वस्त पडेल. शिवाय चार वर्षांचं मूल. त्याला शटलमध्ये मध्येच शू लागली तर? आमच्याकडे लागली होती. ड्रायव्हर थांबला, पण उरलेल्या आठ जणांचे चेहरे अजून आठवतात.

कोपरा

शू गाडीतही लागते हो. आणि बोगद्याआधी ट्रॅफिक ठप्प असेल तर गाडी स्वतःची असून पण कुठे थांबवणार आहात?

गोगलगाय

ते पण खरंच.

झोपाळू

वाचतेय. रच्याकने (खरोखरच रस्त्याच्या कडेने लिहितेय, आय-७० वर आयडाहो स्प्रिंग्जच्या अलीकडे पंचवीस मिनिटं एकाच जागी आहोत, नवरा स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलाय), कुणी तारखेकडे बघितलं का? जानेवारीतला तिसरा सोमवार म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग डे. त्याच्या आधीच्या शुक्रवारी साडेतीनला उतरणार म्हणजे बॅगा आणि काउंटरची रांग धरून पाच वाजता निघणार, म्हणजे लाँग वीकेंडच्या संध्याकाळी अख्ख्या डेन्व्हरच्या बरोबरीने डोंगर चढणार. एरवी शंभर मैल, दोन तासांचा रस्ता. त्या दिवशी किती ते देवाला माहीत.

उन्हाळी_पाखरू

अरे देवा. हे लक्षातच आलं नव्हतं, सुट्टी आहे म्हणून तर ते दिवस निवडले, बाकीच्यांना पण सुट्टी असते हे डोक्यात नाही आलं. मग शुक्रवारी रात्री उशिरा निघालं तर?

मैलाचा_दगड

नको. अंधार, थंडीने गोठलेला रस्ता आणि पहिल्यांदा बर्फात चालवणारा माणूस, हे तीन एकत्र करू नका. शुक्रवारी डेन्व्हरमध्ये किंवा गोल्डनला रात्र काढा. शनिवारी पहाटेपासून सकाळी दहापर्यंत पुन्हा सगळे स्कीवाले वर जातात, तेव्हाही नको. अकराच्या पुढे आरामात निघा, उजेडात पोचाल. एक दिवस स्कीइंगचा बुडेल पण तसाही पहिल्या दिवशी तुम्ही बूट घालायला शिकण्यातच अर्धा दिवस घालवणार आहात.

आणखी एक फायदा. ब्रेकनरिज ९,६०० फुटांवर आहे, वाटेतला आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर. तुम्ही जवळपास समुद्रसपाटीवरून येताय. मध्ये एक रात्र डेन्व्हरच्या ५,२८० फुटांच्या आसपास काढली तर डोकेदुखी आणि मुलांच्या उलट्या यांची शक्यता कमी होते. पाणी भरपूर प्या.

परत येताना बुधवार निवडलाय ते मात्र झकास केलंत. रविवारी किंवा त्या सोमवारी दुपारी परतणाऱ्यांची विमानं चुकतात, बुधवारी रस्ता मोकळा असतो. तरी सीओट्रिप नावाचं सरकारी ॲप आहे, निघण्याआधी बघा, बोगदा बंद केला असेल तर तिथे कळतं.

नवशिक्या

माझा अनुभव सांगतो, फार जुना नाही. ऑल व्हील एसयूव्ही बुक केलेली. आरक्षणावर 'किंवा तत्सम' असं लिहिलेलं असतं ते आपण वाचत नाही. रात्री साडेदहाला काउंटरवर पोचलो तर म्हणे ती गाडी संपली, पण तुमच्यासाठी फ्री अपग्रेड आहे सर. अपग्रेड ऐकल्यावर आपण खूश. खाली गेलो तर इलेक्ट्रिक गाडी, ७० टक्के चार्ज. मी म्हटलं चला, पर्यावरण.

तर मंडळी, थंडीत बॅटरी आधीच दमते, त्यात केबिन गरम ठेवायचं, त्यात चढ. स्क्रीनवर दाखवलेले मैल आणि प्रत्यक्षातले मैल यांची फारकत झाली. हीटर बंद करून, तोंडातून वाफा काढत, बायकोची नजर चुकवत कसंबसं फ्रिस्कोपर्यंत गेलो आणि रात्री एक वाजता चार्जरपाशी बसून राहिलो. उतरताना मात्र बॅटरी फुकट भरत होती, त्याचा आनंद मी एकट्यानेच साजरा केला, बाकी कुणी बोलत नव्हतं. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी चिडू नये, रोज त्यातच फिरणारे लोक इथे मजेत चालवतात, पण घरी रात्रभर चार्ज करता येणं वेगळं आणि अनोळखी गावात मध्यरात्री चार्जर शोधणं वेगळं.

सांगायचा मुद्दा, अपग्रेड हा शब्द ऐकला की खिसा तपासा. आणि 'एसयूव्ही' आणि 'ऑल व्हील' हे दोन वेगळे शब्द आहेत, एकाच मॉडेलच्या गाड्या दोन्ही प्रकारात येतात. मागच्या दारावर एडब्ल्यूडी किंवा ४x४ लिहिलंय का ते बघूनच सही करा.

तिरपागडा

"बाकी कुणी बोलत नव्हतं" ला वारलो.

खडूस_काकू

साखळ्यांबद्दल कुणी बोललं नाही. बऱ्याच भाड्याच्या करारात साखळ्या लावायला मनाई असते, कारण नीट नाही लावल्या तर चाकाच्या वरचा पत्रा फाडतात. म्हणजे कायदा म्हणतो साखळ्या ठेवा आणि करार म्हणतो लावू नका. करार वाचा आणि त्यापेक्षा योग्य टायरची गाडीच घ्या. चाकावर चढवायचे कापडी मोजे मिळतात, कोलोरॅडोत ते चालतात, गुंडाळून बॅगेत मावतात. टायरच्या मापाचे घ्यावे लागतात, आणि माप गाडी हातात आल्यावरच कळतं, ही गंमत आहेच.

उन्हाळी_पाखरू

गाडीला मोजे. साडूंना सांगितलं, ते म्हणाले मग कानटोपी पण घेऊ.

चष्मिस

विम्यावर लिहितो, कारण माझे तिथेच हात पोळलेत. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण असतं. ते मिळायला अख्खं भाडं त्याच कार्डाने भरायचं आणि काउंटरवरचं कंपनीचं डॅमेज वेव्हर (जादा पैसे घेऊन नुकसानीची जबाबदारी माफ करणारं कलम) नाकारायचं. कार्डाचं संरक्षण प्रायमरी आहे की सेकंडरी ते बघा, सेकंडरी म्हणजे आधी तुमच्या स्वतःच्या गाडीच्या विम्याकडे जा, उरलेलं आम्ही बघू. आणि हे फक्त *त्या* गाडीच्या नुकसानीचं, तुम्ही दुसऱ्याला ठोकलंत तर तो लायबिलिटीचा विषय वेगळा. काही मोठ्या व्हॅन आणि पिकअप यातून वगळलेल्या असतात. लोकांनी लोकांना ॲपवरून दिलेल्या खाजगी गाड्या तर बहुतेक कार्डांवर बसतच नाहीत, तिथे त्या ॲपचीच योजना घ्यावी लागते.

आता माझी गोष्ट. इथे रस्त्यावर बर्फासाठी खडी-वाळू टाकतात. पुढच्या ट्रकच्या चाकातून एक खडा उडाला आणि काचेवर तांदळाएवढा टवका. मी म्हटलं कोण बघतंय. दोन दिवस थंडी, आतून हीटर, तिसऱ्या दिवशी सकाळी टवक्याची रेघ झाली अख्ख्या काचेवर. पूर्ण काच बदलण्याचे पैसे गेले. टवका आधी छोटाच होता, पण त्याचा फोटो काढला नव्हता. तेव्हा गाडी घेताना काचेसकट सगळीकडून व्हिडिओ काढा, आणि काचेचा तर आतूनही.

निळी_छत्री

काचेवरून आठवलं. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी मारतात. ते पुढच्या गाड्यांच्या चाकातून उडून आपल्या काचेवर येतं आणि वाळून पांढरट राप बसतो. त्यात समोरून ऊन आलं की काही म्हणजे काही दिसत नाही. वायपर मारला की आणखी फासतं. त्यामुळे काच धुण्याचं पाणी भसाभस संपतं. आणि भाड्याच्या गाडीत कुणी उन्हाळ्यातलं पाणी भरलेलं असेल तर नळीतच गोठतं. मी बोगद्याच्या पलीकडे उतारावर आंधळी होऊन, खिडकीतून हात काढून टिश्यूने काच पुसलीये. पेट्रोल पंपावर उणे २० फॅरनहाइटचं म्हणून निळं नारिंगी पाणी मिळतं, एक डबा घेऊन टाका. आणि काउंटरवर बर्फ खरवडायचा ब्रश मागा, मागितल्याशिवाय देत नाहीत.

सकाळी टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला तर लगेच पंक्चर समजून घाबरू नका, तापमान १० अंश फॅरनहाइट उतरलं की साधारण १ पीएसआय हवा उतरते. हवा तपासा मात्र.

झोपाळू

अपडेट: बोगद्यातून बाहेर आलो. नवरा बोलायला लागलाय.

गोगलगाय

आता प्रत्यक्ष चालवण्याबद्दल, नाव गोगलगाय असल्याने मला अधिकार आहे.

बोगदा ओलांडला की सिल्व्हरथॉर्नपर्यंत लांबलचक उतार आहे, ७ टक्क्यांच्या आसपास. लोक तिथे सारखा ब्रेक दाबून बसतात. ते करू नका. गिअर खालचा घ्या, ऑटोमॅटिकमध्येही मॅन्युअलची किंवा एल ची सोय असते, इंजिनलाच गाडी धरू द्या. ती सोय कुठे आहे हे विमानतळाच्या पार्किंगमध्येच शोधून ठेवा, उतारावर शोधायची नाही. क्रूझ कंट्रोल बंद. पुढच्या गाडीपासून एरवी ठेवता त्याच्या तिप्पट अंतर ठेवा, मध्ये कुणीतरी घुसेलच, घुसू द्या, पुन्हा अंतर पाडा. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. हात, पाय, सगळं हळू, जणू मांडीवर काठोकाठ भरलेला ग्लास आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एखाद्या रिकाम्या, बर्फाळ पार्किंगमध्ये दहा मिनिटं घालवा. वीस मैलांच्या वेगाने जाऊन जोरात ब्रेक दाबा. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) लागलं की पेडल पायाखाली थरथरतं आणि खडखड आवाज येतो. माझ्या बायकोने पहिल्यांदा ते अनुभवलं तेव्हा गाडी मोडली समजून पाय काढून घेतला. पाय काढायचा नाही, दाबून धरायचा आणि जिकडे जायचंय तिकडे बघायचं. हे एकदा पायाला कळलं की डोकं घाबरत नाही.

तिरपागडा

जिकडे जायचंय तिकडे बघायचं म्हणजे टेक्सासकडे?

पायवाट

अवांतर: आम्ही ॲस्पेनला गेलो होतो. नकाशात इंडिपेंडन्स पासवरून जवळचा रस्ता दिसत होता, पण तो पास हिवाळाभर बंद असतो, ग्लेनवूड स्प्रिंग्जवरून वळसा घालूनच जावं लागतं. उन्हाळ्यात जाऊन आलेल्या नातेवाइकांनी सांगितलेले शॉर्टकट हिवाळ्यात ऐकू नका. आयत्या वेळी आय-७० बंद झाला तरी जीपीएस सांगेल त्या कच्च्या रस्त्याला लागू नका.

कोपरा

पुन्हा येतोच. गाडीशिवायचा अजून एक पर्याय, ब्रेकनरिजचाच हट्ट नसेल तर. विमानतळावरून ट्रेनने डेन्व्हर युनियन स्टेशन, तिथून हिवाळ्यात विंटर पार्कला स्की ट्रेन जाते, मॉफट बोगद्यातून, ६.२ मैलांचा बोगदा आहे, आणि बाहेर पडल्या पडल्या समोर स्कीइंगचा उतार. टायर नाही, नाणं नाही, साडू नाहीत.

उन्हाळी_पाखरू

कोपरा, साडू ट्रेनमध्ये पण असणारच हो :) अपार्टमेंटचे पैसे भरून झालेत. पण पुढच्या वर्षीसाठी लिहून ठेवलं. मुलांच्या कार सीटचं काय करता? भाड्याने घेता की विमानात चढवता?

निळी_छत्री

चढवा. काउंटरवर मिळतील ती जुनी, पट्टे अडकलेली, कशी लावायची ते कुणी सांगत नाही. विमान कंपन्या बहुतेक कार सीट फुकट नेतात. आणि २०२५ पासून कोलोरॅडोत ९ वर्षांखालच्या मुलांना सीट किंवा बूस्टर लागतोच, तेव्हा तुमच्या ७ वर्षांच्यालाही बूस्टर हवा. मुख्य म्हणजे फुगीर जॅकेट घालून पट्टे लावू नका, पट्टा सैल राहतो. जॅकेट काढून बसवा आणि वरून पांघरा.

मैलाचा_दगड

टोलचं राहिलं. विमानतळाजवळचा ई-४७० टोल रोड आहे, तिथे रोख घेत नाहीत, नंबर प्लेटचा फोटो काढून बिल पाठवतात, ते कंपनीकडे जातं आणि कंपनी आपला चार्ज लावून तुम्हाला. जीपीएसमध्ये टोल टाळा करून टाका, पेन्या बुलेव्हार्डवरून सरळ आय-७० गाठा. डोंगरात एक्स्प्रेस लेन आहेत, त्याही टोलच्याच. ट्रॅफिकमध्ये मोह होतो, पण मध्येच अखंड रेघ ओलांडून आत-बाहेर केलंत तर ७५ डॉलरचा दंड कॅमेरा लावतो. तोही कंपनीमार्फत येणार, म्हणजे दिवाळी.

हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

तिरपागडा

यांचं 'हेमाशेपो' म्हणजे दुकान बंद करायची पाटी लावून आत हिशोब चालू.

मैलाचा_दगड

पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका हे राहिलंच होतं. रस्ता बंद पडला तर इंजिन चालू ठेवूनच ऊब मिळते.

तिरपागडा

बघा.

उन्हाळी_पाखरू (२८ जानेवारी)

मंडळी, काल रात्री धुतलेले कपडे घडी करून झाले, आता वृत्तांत.

शुक्रवारी गोल्डनला राहिलो. काउंटरवर 'किंवा तत्सम' म्हणून आधी फक्त पुढच्या चाकांवर चालणारी (टू व्हील ड्राइव्ह) मिनीव्हॅन देऊ केली, म्हणे सहा जण आहात, हीच सोयीची. मी खिशातून २००४ ची पेनी काढली. साडू लांब जाऊन उभे राहिले, आपली ओळख नाही असं. छप्पर उघडं. दुसरी गाडी मागितली. ती ऑल व्हील, पण मागच्या दोन टायरना पुन्हा छप्पर उघडं. तोपर्यंत तिथला गाड्या लावणारा पोरगा कुतूहलाने आला, त्याने स्वतःच नाणं मागून घेतलं आणि रांगेतल्या गाड्या तपासायला लागला. चौथी गाडी पास झाली, तीन रांगांची पांढरी एसयूव्ही, डोंगर-चांदणीचे टायर. पेनी त्यालाच देऊन टाकली.

शनिवारी साडेअकराला निघालो, अडीच तासात पोचलो. सिल्व्हरथॉर्नच्या उतारावर गिअर खाली घेतला, मांडीवरचा ग्लास सांडला नाही. मागून लोक हॉर्न देत होते, देऊ दिले. फ्रिस्कोच्या एका रिकाम्या पार्किंगमध्ये ब्रेकची प्रॅक्टिस केली, पेडल थरथरलं तशी मागून ४ वर्षांच्याने "पुन्हा!" अशी फर्माइश केली. पाच वेळा केलं. नंतर बायकोने पण चालवून बघितली आणि ती माझ्यापेक्षा बरी चालवते हे सर्वानुमते ठरलं.

त्यानंतर कोपरा म्हणाले तेच झालं. गाडी चार दिवस जागची हलली नाही, गोंडोला आणि फुकट बस यातच सगळं भागलं. हिशोब केला तर सहा जणांच्या शटलच्या मानाने थोडी स्वस्तच पडली, पण फार नाही. पुढच्या वेळी आम्ही चौघेच असलो तर शटल घेईन, हे इथे लिहितोय पण घरी अजून कबूल केलेलं नाही.

आता खरी गोष्ट. सोमवारी रात्री फूटभर बर्फ पडला. बुधवारी सकाळी मी आणि साडू ब्रश घेऊन पार्किंगमध्ये गेलो. सगळे ढीग सारखेच. आठवणीने आपला ढीग शोधला, वीस मिनिटं झाडला, काच खरवडली, वायपर मोकळे केले, साडूंनी तर चाकांभोवतीचंही उकरलं. पांढरी एसयूव्ही बाहेर आली. बटण दाबलं तर दोन गाड्या पलीकडचा ढीग वाजला.

खडूस_काकू

हाहाहा! तुम्हाला माफ केलं.

तिरपागडा

मालक आला होता का?

उन्हाळी_पाखरू

आला ना. आम्ही दुसरा ढीग उकरत होतो तेवढ्यात एक आजोबा कॉफी घेऊन आले, स्वच्छ गाडीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं की अपार्टमेंटवाल्यांनी ही सोय कधीपासून सुरू केली. साडूंनी सांगितलं, आजपासूनच. त्यांनी पाच डॉलर टिप दिली.

झोपाळू

धागा वर काढते. आम्ही मार्चमध्ये स्टीमबोटला जातोय, ऑल व्हीलच बुक केलीये. २००८ च्या आधीची पेनी कुणाकडे जास्तीची आहे का?